७२ नंबरचा भाडेकरू

पूल ओलांडू नका. पलीकडे दिसतंय ते एल पासो, म्हणजे अमेरिका. आपलं काम अलीकडे, सिउदाद हुआरेझमध्ये आहे. साल १९३४. अमेरिकेतली दारूबंदी गेल्याच डिसेंबरात उठली. तेरा वर्षं ज्या बारमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नव्हती, तिथले वेटर आता दारात उभे राहून तुमच्यासारख्या नवख्याला हाका मारताहेत. आत जायचं तर जा, पण लवकर बाहेर या. तुम्हाला एक घर बघायचं आहे.

घर गोमेझ वाल्देसांचं. मंडळी मूळची मेक्सिको सिटीची. वडील कस्टम्सच्या नोकरीत, त्यामुळे सगळा बाडबिस्तरा या सरहद्दीवर येऊन पडलेला. घरात पोरंच पोरं. मोठा हेर्मान अठरा वर्षांचा आहे आणि एका जागी बसेल तर शपथ. धाकटा मानुएल तीन वर्षांचा, तोही त्याच वळणावर जाणार हे आत्ताच दिसतंय. मधला एक जण दहा-अकरा वर्षांचा, काटकुळा, भिंतीला टेकून उभा. त्याच्याकडे तुमचं लक्षच गेलं नाही ना? तोच आपला माणूस. रामोन. घरचे त्याला मोंचो म्हणतात.

तो काही करत नाहीये. हेर्मानकडे बघतोय.

हेर्मान बघण्यासारखा आहेच. तो पुढे गावच्या रेडिओ केंद्रावर पडेल ते काम करायला लागेल. असं सांगतात की एकदा मायक्रोफोन नीट करताना त्यानं गंमत म्हणून आगुस्तिन लारा या त्या वेळच्या लाडक्या गायक-संगीतकाराची नक्कल केली, आणि मायक्रोफोन चालू होता. मालकानं ऐकलं आणि पोराला कार्यक्रम दिला. पुढची काही वर्षं तुम्ही या गल्ल्यांतून फिरलात, तर त्याचा कच्चा माल कुठून आला तेही दिसेल. इथली बोली धड स्पॅनिश नाही, धड इंग्रजी नाही. पोरं गुडघ्यापर्यंत कोट, वर ढगळ आणि घोट्याशी आवळलेली पँट आणि कमरेला लोंबती साखळी घालून हिंडतात. त्यांना पाचुको म्हणतात. सभ्य लोक त्यांना बघून रस्ता बदलतात. हेर्माननं तो पोशाख आणि ती भेसळीची बोली उचलली आणि १९४३ मध्ये पाको मिलर या शब्दभ्रमकाराच्या फिरत्या कंपनीबरोबर थेट राजधानीच्या रंगमंचावर नेली. मिलरनं त्याला नाव दिलं ‘तिन तान’. शुद्ध स्पॅनिशच्या कैवाऱ्यांना घेरी आली. तिकीटखिडकीवर मात्र रांगा लागल्या.

या सगळ्यात रामोन बघणारा राहिला. मला विचाराल तर त्याचं सगळं नाट्यशिक्षण इथेच झालं. समोरचा माणूस कधी थांबतो, कधी उसळतो, कुठल्या क्षणी लोक त्याच्याकडे बघायचं सोडून दुसरीकडे बघतात, हे त्याला घरबसल्या कळत गेलं.

आता १९४९. मेक्सिको सिटीतला एक स्टुडिओ. मेक्सिकन सिनेमाचं सुवर्णयुग ऐन भरात आहे आणि तिन तान आता घरोघरी पोचलेलं नाव आहे. दिग्दर्शक जिल्बेर्तो मार्तीनेझ सोलारेस ‘एल रेय देल बार्रिओ’चं, म्हणजे ‘मोहल्ल्याचा राजा’चं चित्रीकरण करतोय. नायक रेल्वेत नोकरी करत असल्याची बतावणी करतो, प्रत्यक्षात चोरांची टोळी चालवतो आणि चोरलेलं गरिबांना वाटतो. तिन तानच्या हातात पटकथा म्हणजे कोट टांगायची खुंटी. प्रत्येक टेकला तो काहीतरी नवीन बोलतो. त्याच्या शेजारी उभ्या नटाला म्हणूनच घाम फुटतो, कारण आपली ओळ कधी येणार हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नसतं.

टोळीतला तो हडकुळा, मिशीवाला बघा. ‘एल नोर्तेन्यो’, उत्तरेकडचा. या वाल्याचा वाल्मीकी व्हायला अजून वीसेक वर्षं आहेत. आत्ता तो चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा नट आहे आणि थोरल्या भावाच्या ओळखीवर सेटवर आलेला आहे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. ‘कालाबासितास तिएर्नास’ या आधीच्या एका चित्रपटातही त्याला असाच एक बारीक तुकडा मिळाला होता. पण तिन तान भरकटला की कॅमेऱ्यामागे उभे राहून रामोनकडे बघा. तो गोंधळत नाही. भाऊ काय म्हणणार हे त्याला ठाऊक नाही, पण भाऊ कसा श्वास घेतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

पुढची वीस वर्षं आपण भरभर ओलांडू, कारण ती रामोनसाठीही तशीच गेली. पन्नासाच्या घरात चित्रपट, त्यातल्या बहुतेकांत भूमिका इतक्या लहान की सभागृहात कुणी खोकलं तर हुकावी. कधी गुंड, कधी काउबॉय, कधी बारमधला गिऱ्हाईक. दोन चित्रपटांमध्ये हातात येईल ते काम. तीन लग्नं आणि एकूण दहा मुलं, म्हणजे पैशाची गरज कधी संपली नाही. साठच्या दशकात मेक्सिकन सिनेमाची रया गेली, तसं कामही आटलं. तिन तानचंही वैभव ओसरलं. तरी त्या काळातलं त्याचं एक काम आपल्याला जवळचं आहे. किपलिंगच्या शिवनीच्या जंगलावरून डिस्नेनं १९६७ मध्ये ‘जंगल बुक’ काढला, त्याच्या लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिश आवृत्तीत बल्लू अस्वलाचा आवाज तिन तानचा आहे. धाकटा मानुएल एव्हाना ‘एल लोको’, म्हणजे वेडा, या नावानं टीव्हीवर धुमाकूळ घालत होता. १९७२ मध्ये त्यानं बेनितो हुआरेझ या राष्ट्रपुरुषाच्या नावावर थेट प्रक्षेपणात कोटी केली आणि सरकारकडून दंड ओढवून घेतला.

म्हणजे एक भाऊ तारा, दुसरा भाऊ वेडा. मधला नुसता रामोन.

सान आन्हेलला चला. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला जुन्या फिल्म स्टुडिओत ‘कानाल ओचो’ म्हणजे आठव्या वाहिनीनं आपलं बस्तान बसवलंय. सत्तरचं दशक नुकतंच उजाडलंय. तिथे रोबेर्तो गोमेझ बोलान्योस नावाचा एक बुटका लेखक आहे. जाहिरातींतून लेखनात आलेला. एका दिग्दर्शकानं कौतुकानं त्याचा ‘छोटा शेक्सपिअर’ केला, त्याचं मेक्सिकन तोंडात ‘चेस्पिरितो’ झालं. त्याच्या विनोदी कार्यक्रमात एका टेबलाभोवती चार दीडशहाणे बसतात आणि प्रेक्षकांच्या पत्रांना अचाट उत्तरं देतात. डॉक्टर चापातिन झालेला बोलान्योस स्वतः, प्रोफेसर हिराफालेस झालेला ताडमाड रुबेन आगिरे, लहानखुरी मारिया आन्तोनिएता दे लास निएवेस आणि कायम तर्र असलेला एक इंजिनिअर. हा इंजिनिअर म्हणजे रामोन. वय सत्तेचाळीस. भूमिकेचं नावही रामोन वाल्देसच.

बोलान्योस हा शब्दाशब्दावर पकड ठेवणारा लेखक. नटांनी पदरची वाक्यं घातलेली त्याला खपत नसत. अशा माणसाला तिन तानच्या घराण्यातला नट चालला कसा, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. उत्तर असं की रामोन शब्द बदलतच नव्हता. तो शब्दांच्या मधल्या जागेत काम करत होता, आणि तिथे लेखकाचा हुकूम चालत नाही.

१९७१ मध्ये बोलान्योसनं एका अनाथ पोराची छोटी प्रहसनं सुरू केली. ‘एल चावो देल ओचो’, आठ नंबरचा पोरगा. आठ म्हणजे आधी वाहिनीचा आकडा होता. पुढे तो खोलीचा आकडा झाला. २६ फेब्रुवारी १९७३ पासून त्याचा अर्ध्या तासाचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. त्याच सुमाराला आठव्या वाहिनीचं जुन्या प्रतिस्पर्ध्याशी विलीनीकरण होऊन ‘तेलेविसा’ जन्मली आणि चावोला अख्खी लॅटिन अमेरिका खुली झाली. आणि त्याच वर्षी, २९ जूनला, तिन तान गेला. अठ्ठावन्नही पूर्ण झाले नव्हते. ज्याच्या सावलीत रामोन पंचवीस वर्षं उभा राहिला तो माणूस नाहीसा झाला, आणि चार महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या कार्यक्रमामुळे रस्त्यावरची पोरं रामोनला नावानं हाक मारायला लागली होती.

आता थोडा वेळ काढा. हे १९७५ आहे आणि इथे घाई करून चालणार नाही.

तुम्ही वेसिंदादच्या चौकात उभे आहात. भिंती रंगवलेल्या फळ्यांच्या आहेत, जिना कुठेच जात नाही, झाडांच्या कुंड्या तेवढ्या खऱ्या वाटतात. मधोमध एक पिंप. वेसिंदाद म्हणजे गिरगाव-लालबागच्या माणसाला समजवायची गरज नाही, ती चाळच आहे: मध्ये चौक, भोवती खोल्या, धुण्याची जागा सामाईक, भांडणंही सामाईक. साम्य दिसण्यापुरतं नाही. मेक्सिकोच्या सरकारनं १९४२ मध्ये, युद्धाच्या महागाईत, राजधानीतली घरभाडी गोठवली आणि १९४८ मध्ये ती मुदत वाढवली. जुन्या वेसिंदादींतली भाडी मग नव्वदच्या दशकापर्यंत हललीच नाहीत. आपल्याकडे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. भाडं वाढत नाही, मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू हलत नाही, आणि मालक-भाडेकरू एकमेकांच्या आयुष्यात लग्नाच्या जोडीदारापेक्षा जास्त अडकतात. ज्यानं हे बघितलंय त्याला इथला घरमालक, गलेलठ्ठ सेन्योर बारीगा, लगेच ओळखीचा वाटेल. तो खलनायक नाही. दर वेळी चौकात पाऊल टाकताच चावोच्या हातून त्याला काहीतरी लागतं, मग तो ७२ नंबरचं दार ठोठावतो आणि भाडं न घेता परत जातो.

७२ मध्ये डॉन रामोन राहतो. (इथला डॉन म्हणजे टोळीवाला नव्हे, आपल्या ‘राव’सारखा मान आहे.) बायको वारलेली, एक चुणचुणीत मुलगी, चिलिन्द्रिना, पदरी. भाडं १४ महिन्यांचं थकलेलं. गंमत अशी की वर्षं उलटली तरी ते १४ महिने १४ च राहतात. तो कधी सुतार असतो, कधी चांभार, कधी न्हावी, कधी फुगेवाला, एकदा तर चुरोस तळून विकतो. म्हणजे आळशी म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस त्या चौकात सगळ्यांत जास्त धंदे केलेला माणूस आहे. यातला विरोधाभास बोलान्योसच्या लेखणीतला. कुठलंच काम वाईट नसतं, वाईट असतं ते काम करावं लागणं, अशा अर्थाचं त्याचं तत्त्वज्ञान लॅटिन अमेरिकेत आजही लोक ऐकवतात.

कपडे बघा: काळा टी-शर्ट, विटकी जीन्स, डोक्यावर कापडी टोपी. वेशभूषाकाराला त्रास दिलेला दिसत नाही. त्याच्या मुलांनी पुढे मुलाखतींत सांगितलंय की वडील घरातही असेच असायचे आणि बोलान्योसनं त्यांना एवढंच सांगितलं होतं की तू आहेस तसा राहा. फुटबॉलचा विषय निघाला की डॉन रामोन छाती पुढे काढून सांगतो की आपण नेकाक्साचे. इथे त्या काळच्या मेक्सिकन प्रेक्षकाला जे हसू फुटतं ते तुम्हाला फुटणार नाही, म्हणून सांगतो. नेकाक्सा क्लब १९७१ मध्ये विकला गेला, त्याचं नाव आत्लेतिको एस्पान्योल झालं, आणि १९८२ पर्यंत त्या नावाचा संघच नव्हता. हा माणूस अस्तित्वात नसलेल्या संघाचा पाठीराखा आहे.

दिग्दर्शक एन्रिके सेगोवियानो खूण करतो. शांतता. प्रेक्षक नाहीत हे लक्षात आलं का? टीव्हीवर तुम्ही ऐकता तो हशा डबाबंद, नंतर चिकटवलेला. इथे या नटांना हसून दाद देणारं कुणी नाही. विनोद एका रिकाम्या खोलीत घडतोय.

किको, म्हणजे कार्लोस व्हियाग्रान, फुगवलेल्या गालांनी भिंतीला तोंड लावून रडतोय. त्याला काहीतरी लागलंय. डॉन रामोनचा त्यात काडीचा संबंध नाही. १४ नंबरचं दार उघडतं. डोक्यात कर्लर्स लावलेली डोन्या फ्लोरिंदा, म्हणजे फ्लोरिंदा मेसा, बाहेर येते, एक शब्द विचारत नाही, आणि सणसणीत थोबाडीत देते.

थांबा. पुन्हा बघा. तिचा हात त्याच्या गालाला लागला नाही. चटका आवाजाचा आहे आणि तो आवाजही नंतर टाकला जाणार आहे. या क्षणी स्टुडिओत फक्त हवेतून गेलेला एक हात आहे. मग तुम्ही गाल का चोळताय?

कारण रामोननं ती खाल्ली. त्याची मान आधी जाते, मग खांदे, मग ते काड्यांचं अंग सगळंच गरकन वळतं. परत येताना चेहऱ्यावर राग नाही. आधी नुसता अचंबा आहे, म्हणजे रोज मिळणारी थोबाडीत आजही मिळेल हे त्याला खरंच वाटलं नव्हतं. मग त्याची नजर पोरांकडे जाते. पोरं बघताहेत. आता लाज येते. आणि राग सगळ्यांत शेवटी, जेव्हा तो काढायला समोर कुणी उरलेलं नसतं. फ्लोरिंदा ‘असल्या लोकांत मिसळू नकोस’ असं पोराला बजावून निघाली आहे, किकोनं छातीवर एक धक्का देऊन वर अपमान केला आहे. डॉन रामोन टोपी काढतो, जमिनीवर आपटतो आणि तिच्यावर नाचतो. त्या चौकात त्याला मारता येईल अशी तेवढीच एक वस्तू आहे.

आता चावो येतो. जाता जाता फ्लोरिंदानं डॉन रामोनच्या आजीचा उद्धार केलेला असतो. चावो निरागसपणे तोच धागा पकडून आजीबद्दल काहीतरी विचारतो आणि त्याच्या डोक्यात टपली बसते. चावो रडत जातो. अन्याय वरून खाली उतरत उतरत सगळ्यांत लहान पोरापर्यंत पोचला. आठवड्यामागून आठवडे हेच घडलं आणि लोकांनी कंटाळा केला नाही. लिहिलेलं दर वेळी जवळजवळ तेच होतं. वेगळा होता तो रामोनचा अचंबा.

माझं मत विचाराल तर त्या चौकातले बाकीचे सगळे नट अभिनय करतात आणि फार चांगला करतात. मोठी माणसं लहान मुलं झालेली असताना प्रेक्षकाला ते खरं वाटायचं तर चौकात एक तरी माणूस असा हवा, जो त्यांच्याकडे खरोखरच मुलं म्हणून बघतो. बोलान्योस चाळिशी ओलांडलेला असताना आठ वर्षांचा दिसला, याचं निम्मं श्रेय मी रामोनच्या नजरेला देतो.

सेटच्या दुसऱ्या कोपऱ्यात डोकावा. त्याच मंडळींच्या ‘एल चापुलिन कोलोरादो’ या दुसऱ्या मालिकेचा पसारा आहे. लाल कपड्यांतला, भित्रा, अडखळणारा मेक्सिकन महानायक. रामोन इथे खलनायकांची अख्खी रांग करतो: दरोडेखोर त्रिपासेका, वेस्टर्नमधला रास्काबुचेस, समुद्री चाचा आल्मा नेग्रा. आणि कधी तो सुपर सॅम होऊन येतो, सुपरमॅनचा अंगरखा, डोक्यावर अंकल सॅमची टोपी, हातात पैशाची थैली. अंगावर मूठभर मांस नसलेला अमेरिकन महासत्तेचा हा अवतार हुआरेझच्या पुलाशेजारी वाढलेल्या माणसानं केला, म्हणून मला तो जास्त आवडतो.

१९७७. यंदा दोन ठिकाणी जायचं आहे. आधी आकापुल्को. चावोच्या चाळकऱ्यांची सहल एका समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात गेलीय, खरंखुरं ऊन, खरा समुद्र, शेवटी रात्री शेकोटीभोवती सगळे बसून गातात. पुढे या मंडळींची जी पांगापांग झाली ती माहीत असलेल्या प्रेक्षकाला हा भाग बघवत नाही. मग चिलीतलं सांतिआगो, राष्ट्रीय स्टेडियम. मंडळी प्रत्यक्ष प्रयोग करताहेत आणि गॅलऱ्या काठोकाठ भरल्या आहेत. चारच वर्षांपूर्वी, पिनोशेच्या लष्करी उठावानंतर, याच स्टेडियमात हजारो लोकांना डांबून छळलं होतं. आज इथे पोरं डॉन रामोनच्या नावानं ओरडताहेत. तुम्हाला यावर काही बोलावंसं वाटेल. त्या दिवशी चिलीत ते मोठ्यानं बोलता येत नव्हतं.

१९७८ मध्ये व्हियाग्रान बाहेर पडला, १९७९ मध्ये रामोन. भांडणं, हक्क, सेटवर कुणाचं चालायचं, यावर त्या मंडळींनी पुढची चाळीस वर्षं एकमेकांविरुद्ध मुलाखती दिल्या; त्या चिखलात आपण उतरायचं नाही. मागे राहिलेल्या चौकात उभे राहून बघितलं तर काय गेलं ते कळतं. गोष्ट हळूहळू चौकातून उठून डोन्या फ्लोरिंदाच्या खानावळीत जाऊन बसली. थोबाडीत खायला कुणी उरलं नव्हतं. १९८१ मध्ये रामोन काही काळ परतला, पुन्हा गेला.

व्हियाग्रान व्हेनेझुएलात होता. किकोचे हक्क बोलान्योसकडे असल्यामुळे त्यानं नावाचं स्पेलिंग बदलून संसार थाटला होता. १९८२ मध्ये काराकासला रामोन त्याच्या मालिकेत आला. ते भाग बघायला तुम्हाला नेत नाही. रामोन तोच आहे, पण त्याला समोरून बॉल टाकणारा बोलान्योस नाही. नट कितीही मोठा असो, त्याला लेखक लागतो, हे रामोनच्या चाहत्यांना फारसं ऐकायला आवडत नाही.

त्याऐवजी ब्राझीलला चला, १९८४. साओ पावलोतल्या एका साध्या घरात संध्याकाळी टीव्ही लागलाय. एसबीटी या वाहिनीनं मेक्सिकोचा हा दहा वर्षं जुना माल स्वस्तात आणून पोर्तुगीजमध्ये डब केलाय आणि चावोचं ‘शावेस’ केलंय. डॉन रामोनचं नाव ‘सेउ मद्रुगा’. आवाज कार्लोस सेइद्लचा, थोडा घोगरा, वैतागलेला. वाहिनीतल्याच जाणत्यांना हे चालेल असं वाटलं नव्हतं. पुढची चार दशकं ब्राझीलच्या पिढ्यांनी ते तोंडपाठ केलं. टी-शर्टांवर चे गेव्हाराच्या थाटात सेउ मद्रुगाचा चेहरा छापला गेला. रामोनला यातलं थोडंच बघायला मिळालं.

आता ऑगस्ट १९८८. पावसाळा आहे, मेक्सिको सिटीत दुपारनंतर सर येऊन जाते. रामोनला पोटाचा कर्करोग झालाय आणि तो पसरलाय. आयुष्यभराची सिगारेट. तरीही गेल्या दोन वर्षांत त्यानं काम थांबवलेलं नाही. सर्कशीचे दौरे केले, व्हियाग्रानच्या ‘आ, के किको!’ या नव्या मालिकेत उभा राहिला. त्यातला चेहरा बघितला की प्रकृती कळते, पण टायमिंगमध्ये एक क्षण इकडचा तिकडे झालेला नाही. ९ ऑगस्टला तो गेला. वय ६४.

दफनाला, मौसोलेओस देल आन्हेल या दफनभूमीत, तुम्ही मागे उभे राहा. शवपेटीजवळ एक उंच, वयस्क बाई उभी आहे आणि तिथे हजर असलेल्यांच्या सांगण्यानुसार ती कितीतरी वेळ तिथून हलली नाही. ती आन्हेलिनेस फर्नान्देझ, ७१ नंबरमधली डोन्या क्लोतिल्दे, पोरं जिला चेटकीण म्हणायची आणि जी डॉन रामोनवर लाईन मारायची. प्रत्यक्षात ही माद्रिदमध्ये जन्मलेली, फ्रँकोच्या राजवटीला विरोध करून देश सोडलेली नटी, तरुणपणी सौंदर्यासाठी प्रसिद्ध. १९९४ मध्ये तिलाही याच दफनभूमीत, त्याच्यापासून जवळच, जागा मिळाली.

परत निघण्यापूर्वी एक सांगतो. हक्कांच्या वादामुळे २०२० मध्ये चावोचं प्रसारण जगभर बंद पडलं होतं, ते २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं. तुम्ही बघायला बसलात तर स्पॅनिश कळत नाही म्हणून अडून राहू नका. सत्तरच्या दशकातला कुठलाही भाग लावा, आवाज बंद करा, आणि बोलणाऱ्या माणसाकडे अजिबात बघू नका. त्याच्यासमोर काळ्या टी-शर्टात जो उभा आहे आणि नुसता ऐकतोय, त्याच्याकडे बघा.